बर्फातील पाऊण तास

गेल्या आगमनकाळात आमच्या धर्मग्रामातील युवकांच्या बैठकीत मी एका अमेरिकन नौदल वैमानिकाची कथा सांगितली. विषय होता धैर्य. कथा संपली तेव्हा पाठीमागच्या बाकावर बसलेला एक तरुण उभा राहिला. तो अभियांत्रिकीचे शिक्षण घेत आहे. तो म्हणाला, "पण फादर, त्याचा मित्र वाचला नाहीच ना? शिवाय एक चांगले विमानही गेले. मग पदक कशाबद्दल?" काही मुले हसली. मला मात्र हसू आले नाही, कारण त्या प्रश्नात उर्मटपणा नव्हता. ज्या कर्माचे फळ मिळाले नाही त्याची किंमत काय, असे तो विचारीत होता, आणि हे विचारण्याचा अधिकार त्याला आहे. त्या दिवशी मी काहीतरी उत्तर दिले. ते माझे मलाच अपुरे वाटले. तेव्हापासून तो प्रश्न मनात घर करून राहिला आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम कथा सांगतो. थॉमस हडनर यांचा जन्म १९२४ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील फॉल रिव्हर या गावी झाला. घरची परिस्थिती चांगली होती, शिक्षण उत्तम झाले आणि १९४६ साली ते अमेरिकेच्या नौदल अकादमीतून पदवीधर झाले. जेसी ब्राऊन त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान. मिसिसिपी राज्यातील हॅटिसबर्गजवळ दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करणाऱ्या एका कृष्णवर्णीय कुटुंबात ते वाढले. कृष्णवर्णीय माणसाने गोऱ्यांच्या शाळेत, उपाहारगृहात वा बसमधील आसनावर जाऊ नये असा कायदाच ज्या प्रदेशात होता, तेथील हा मुलगा आकाशातून जाणारी विमाने पाहत शेतात काम करी. रात्री रेल्वेच्या डब्यांत माल चढवून त्याने ओहायोच्या विद्यापीठातील शिक्षणाचा खर्च भागवला, आणि ऑक्टोबर १९४८ मध्ये अमेरिकन नौदलाचे वैमानिक-प्रशिक्षण पूर्ण करणारा तो पहिला कृष्णवर्णीय तरुण ठरला. त्याच वर्षी जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सैन्यदलांत वंशभेद न ठेवता समान वागणूक देण्याचा आदेश काढला होता. आदेश निघाला म्हणून माणसांची मने एका रात्रीत बदलतात असे नाही, हे आपल्या देशात वेगळे सांगायला नको.

येथे एक गोष्ट जाता जाता नोंदवतो. प्रशिक्षण संपेपर्यंत उमेदवार वैमानिकाने विवाह करू नये असा नियम होता. ब्राऊन यांनी तो मोडला. डेझी नावाच्या आपल्या गावच्या मुलीशी त्यांनी विवाह केला आणि तो गुप्त ठेवला. कळले असते तर सर्व कष्ट पाण्यात गेले असते. नियम मोडणाऱ्यांची बाजू मी सहसा घेत नाही. परंतु पुढे या कथेत दुसरा एक नियम मोडला की नाही हा प्रश्न येणार आहे, तेव्हा हेही वाचकांना ठाऊक असावे.

दोघांची गाठ 'लेटे' या विमानवाहू जहाजावरील बत्तिसाव्या लढाऊ स्क्वाड्रनमध्ये पडली. हुद्द्याने हडनर वरचे होते. ब्राऊन यांचा उड्डाणाचा अनुभव अधिक होता, त्यामुळे आकाशात ब्राऊन पुढे आणि हडनर त्यांच्या मागे, जोडीदार म्हणून, अशी रचना असे. १९५० साली एका गोऱ्या अधिकाऱ्याने कृष्णवर्णीय कनिष्ठाच्या मागे राहून त्याच्या पाठीचे रक्षण करणे ही साधी गोष्ट नव्हती. हडनर मात्र तिचा कधी गाजावाजा करीत नसत.

कोरियात युद्ध पेटले होते. नोव्हेंबर १९५० च्या अखेरीस चोसिन जलाशयाच्या डोंगराळ भागात संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखालील सुमारे तीस हजार सैनिकांना सुमारे एक लाख वीस हजार चिनी सैनिकांनी वेढले. थंडी अशी होती की बंदुकांतील तेल गोठत होते. या अडकलेल्या सैन्याला वरून साहाय्य करण्यासाठी 'लेटे'वरून विमाने जात. ३ डिसेंबर हा आगमनकाळाचा पहिला रविवार होता. त्या रात्री ब्राऊन यांनी जहाजावरून डेझीला पत्र लिहिले. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सहा कॉर्सेअर विमानांच्या तुकडीत ते निघाले. बर्फात लपलेल्या पायदळाची गोळी त्यांच्या विमानाला लागली असावी. विमानाची गळती सुरू झाली, इंजिनाची शक्ती गेली, आणि शत्रूच्या मुलखात, डोंगरउतारावरील बर्फाच्या एका मोकळ्या जागी ते आदळले. विमानाचा पुढचा भाग मोडून वाकला.

वरून घिरट्या घालणाऱ्या सोबत्यांना प्रथम वाटले की सारे संपले. मग ब्राऊन यांनी कॉकपिट उघडून हात हलवला. ते जिवंत होते, पण बाहेर येत नव्हते, आणि इंजिनाजवळून धूर निघत होता. हेलिकॉप्टरला संदेश गेला होता. ते यायला वेळ लागणार होता. हडनर यांनी परवानगी मागितली नाही. आपण उतरतो आहोत एवढेच त्यांनी कळवले, आणि चाके न उघडता आपले धडधाकट विमान त्यांनी ब्राऊन यांच्या विमानाजवळ बर्फावर पोटाने उतरवले. त्यात त्यांच्या पाठीला दुखापत झाली. जवळ जाऊन पाहतात तो विमानाच्या वाकलेल्या सांगाड्यात ब्राऊन यांचा पाय अडकलेला. ओढून निघेना. हातमोजे नसलेले हात गारठून गेलेले. हडनर यांनी आपली लोकरी टोपी त्यांच्या डोक्यावर घातली, हात गळपट्ट्याने गुंडाळले आणि आगीच्या जागी ओंजळीओंजळीने बर्फ कोंबायला सुरुवात केली. मग आपल्या विमानाकडे परत जाऊन, येताना कुऱ्हाड आणि आग विझवण्याचे साधन आणावे असा निरोप रेडिओवरून हेलिकॉप्टरला दिला.

चार्ल्स वॉर्ड नावाचे वैमानिक हेलिकॉप्टर घेऊन आले. सुमारे पाऊण तास दोघांनी त्या धातूवर कुऱ्हाडीचे घाव घातले. काही उपयोग झाला नाही. ब्राऊन शांत होते. आपले डेझीवर प्रेम आहे हे तिला सांगावे, असे त्यांनी हडनर यांना सांगितले. पुढे त्यांची शुद्ध हरपत गेली. अंधार पडू लागला. ते हेलिकॉप्टर रात्री त्या डोंगरातून उडू शकत नव्हते. आम्ही परत येऊ, असे ब्राऊन यांना सांगून हडनर निघाले. त्या वेळी ब्राऊन यांना ते ऐकू येत होते की नाही, कोण सांगणार?

परत जाता आले नाही. शत्रूचा वेढा तसाच होता. ७ डिसेंबरला सोबत्यांची विमाने त्या जागी गेली आणि मृतदेहाची विटंबना होऊ नये म्हणून त्यांनी तेथे नेपाम टाकून तो भाग पेटवून दिला. रेडिओवर त्या वेळी प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हटली गेली, असे सांगतात. मला या प्रसंगापाशी नेहमीच थबकायला होते. हाच नेपाम त्या दिवसांत खाली गारठलेल्या चिनी तरुणांवरही पडत होता, आणि त्यांच्यासाठी कोणी प्रार्थना म्हणत नव्हते. युद्धातील शौर्याविषयी लिहिणाऱ्या धर्मगुरूने हे नजरेआड करू नये. हडनर यांना मिळालेले पदक मात्र कोणाला मारल्याबद्दल नव्हते, ही गोष्ट मला या कथेकडे पुन्हापुन्हा आणते.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. पहिली गोष्ट अशी की आपण शेवट ठाऊक असलेली माणसे आहोत आणि हडनर यांना तो ठाऊक नव्हता. वरून त्यांना काय दिसत होते? हात हलवणारा जिवंत मित्र आणि इंजिनातून निघणारा धूर. अडकलेला पाय वरून दिसत नव्हता. हेलिकॉप्टर येण्यापूर्वी आगीने मित्राला गाठले असते. उतरावे, त्याला बाहेर काढावे आणि दोघांनी हेलिकॉप्टरची वाट पाहावी, हा विचार वेडेपणाचा नव्हता. कृतीचा न्याय करायचा तर ती करताना माणसाला जे ठाऊक होते आणि जे ठाऊक करून घेणे शक्य होते, त्यावरून करावा लागतो. परिणामावरून केला तर ज्याचे घोडे शर्यतीत पहिले आले तोच शहाणा असे म्हणण्यासारखे होईल.

पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही, आणि त्या दिवशी मी नेमका येथेच थांबलो होतो. आरिस्टॉटलने धैर्याला भ्याडपणा आणि उतावळेपणा यांच्या मधली जागा दिली. हडनर त्या मधल्या जागेवर होते की पलीकडे गेले होते? ही शंका केवळ आमच्या तरुणाची नाही. त्या काळीही काहींना हे कृत्य अविचाराचे वाटले. एक माणूस संकटात होता, आता दोन झाले. एक विमान पडले होते, आता दुसरे मुद्दाम पाडले. घटनेनंतर वरिष्ठांनी वैमानिकांना आज्ञा दिली की खाली पडलेल्या सोबत्यासाठी कोणीही अशा प्रकारे आपले विमान उतरवू नये. आणि त्याच नौदलाने हडनर यांची शिफारस देशातील सर्वोच्च शौर्यपदकासाठी केली. १३ एप्रिल १९५१ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी ते पदक त्यांच्या गळ्यात घातले. दोनच दिवसांपूर्वी ट्रूमन यांनी जनरल मॅकआर्थर यांना पदावरून दूर केले होते आणि वृत्तपत्रे त्या वादाने भरली होती. समारंभाला डेझी ब्राऊन उपस्थित होत्या.

एका हाताने मनाई आणि दुसऱ्या हाताने पदक, हा ढोंगीपणा म्हणायचा का? मला तसे वाटत नाही. आज्ञा देणाऱ्याला उद्या उडणाऱ्या शंभर वैमानिकांचा विचार करायचा असतो. त्यातील प्रत्येकाने मित्रासाठी विमान उतरवायचे ठरवले तर वेढ्यातील सैनिकांवर छत्र कोण धरणार? मनाई योग्यच होती. परंतु नैतिक जीवनात अशी एक जागा आहे जिथे कर्तव्याची हद्द संपते आणि त्यापुढे माणूस स्वतःच्या इच्छेने जातो. तिथे जाण्याची सक्ती कोणी कोणावर करू शकत नाही. सेमिनरीत असताना आम्ही संत थॉमस अक्विनास यांचा 'ईशज्ञानसंग्रह' अभ्यासला. प्रेमाच्या क्रमाविषयी लिहिताना ते एक सूक्ष्म गोष्ट सांगतात. मित्रासाठी शरीराची हानी सोसणारा माणूस स्वतःवर कमी प्रेम करतो असे नव्हे, कारण तो आपल्या आत्म्याचे जे हित आहे त्यालाच धरून असतो. विद्यार्थिदशेत मला हा शब्दांचा खेळ वाटला होता. परीक्षेपुरते पाठ केले आणि सोडून दिले. आज वाटते, वरून घिरट्या घालत मित्र जळताना पाहून सुखरूप जहाजावर परतलेले हडनर उरलेली सदुसष्ट वर्षे कोणत्या अंगाने सुखरूप राहिले असते?

तरीही साधनांचा विचार गौण आहे असे कोणी समजू नये. त्याच युद्धात, त्याच आठवड्यात, आपल्या भारतीय सेनेची साठावी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली प्योंगयांगमध्ये होती. माघारीचा हुकूम आला आणि वाहने अपुरी. वैद्यकीय सामान मागे टाकण्याची पाळी आली. या मंडळींनी एक जुने रेल्वे इंजिन शोधून काढले, ते चालू केले आणि सामानासह गाडी स्वतः चालवत बाहेर पडले. त्या सामानावर पुढे येणाऱ्या जखमींचे प्राण अवलंबून होते. सामानासाठी जीव धोक्यात घालणे आणि माणसासाठी विमान मोडणे, या दोन कृती दिसायला परस्परविरुद्ध आहेत. मला तसा विरोध दिसत नाही. दोन्हीकडे वस्तूची किंमत माणसावरून ठरवलेली आहे.

सर्वांत कठीण भाग अजून राहिला आहे. विमान उतरवणे ही काही क्षणांची गोष्ट होती. त्या क्षणी मनात आशा होती, रक्त उसळलेले होते. पण पाय निघत नाही हे कळल्यानंतरचे काय? कुऱ्हाडीचा घाव धातूवरून निसटतो आहे, मित्राचा आवाज मंदावतो आहे, हे दिसत असताना तो पाऊण तास हडनर यांनी कसा काढला असेल? अक्विनास म्हणतात की धैर्याचे मुख्य कार्य चढाई करणे हे नसून टिकून राहणे, सोसणे हे आहे. या कथेतील खरे शौर्य मला त्या झेपेपेक्षा त्या पाऊण तासात दिसते. तिथे कर्तृत्व जवळजवळ शून्यावर आले होते. टोपी, गळपट्टा, ओंजळभर बर्फ आणि सोबत. ब्राऊन यांचे प्राण वाचले नाहीत. पण ते त्या डोंगरावर एकटे नव्हते, आणि पत्नीसाठीचा निरोप घ्यायला तिथे एक माणूस होता. हे फळ नव्हे काय? अभियांत्रिकीच्या हिशेबात ते कुठे धरावे हे मला सांगता येणार नाही. डेझी ब्राऊन यांच्या हिशेबात ते नक्कीच धरलेले होते. हडनर यांच्याशी त्यांचा स्नेह पुढे आयुष्यभर टिकला. १९७३ साली ब्राऊन यांचे नाव दिलेली युद्धनौका नौदलात दाखल झाली, त्या समारंभात दोघेही उपस्थित होते.

मला हे आता समजते, पण वेळेवर समजले नव्हते. मी नुकताच सहायक धर्मगुरू म्हणून रुजू झालो होतो. पावसाळा होता. समुद्राकाठच्या एका पाड्यावर एक म्हातारा कोळी अखेरच्या घटका मोजत होता. संध्याकाळी जाऊन मी त्याला पवित्र तेल लावले, प्रार्थना म्हटल्या. त्याला शुद्ध नव्हती. रात्री अकराच्या सुमारास त्याचा पुतण्या भिजत सायकलवरून आला, 'फादर, काकी बोलावते' म्हणाला. मी विचार केला: संस्कार झाला आहे, माणूस बेशुद्ध आहे, आता माझ्याने काही होण्यासारखे नाही. सकाळी मिस्सा आटोपून येतो, असे सांगून मी त्याला परत पाठवले. पहाटेच तो गेला. दफन झाल्यावर त्याच्या पत्नीने मला चहा दिला आणि अगदी साधेपणाने म्हणाली, "तेल तर तुम्ही लावून गेलाच होता, फादर. ते झालं होतं. फक्त रात्रभर कोणीतरी बसायला पाहिजे होतं." तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागले. माझा विचार चुकीचा नव्हता. माझ्याने खरोखर काहीच होणार नव्हते. उपयोग किती, हा एकच प्रश्न मी त्या रात्री स्वतःला विचारला होता, आमच्या त्या तरुणासारखाच.

आणि तरी हडनर निघाले, हेही तितकेच लक्षात ठेवले पाहिजे. अंधार पडल्यावर तिथे राहणे म्हणजे गोठून मरणे वा शत्रूच्या हाती पडणे, आणि वॉर्ड यांचाही जीव त्यांच्या हट्टावर टांगणे. मित्रासोबत मरायलाच हवे होते असे म्हणणारा उत्साही वाचक कधीकधी भेटतो. त्याच्याशी मी सहमत नाही. आपला जीव हा उधळून टाकण्यासाठी दिलेला नाही, आणि जेथे कोणाचे काहीच राखता येत नाही तेथे तो टाकणे हे प्रेमापेक्षा निराशेच्या जवळ जाते. निघण्याचा तो निर्णय उतरण्याच्या निर्णयापेक्षा अवघड गेला असणार. उतरताना त्यांनी स्वतःला धोक्यात घातले होते. निघताना ते दुसऱ्याला सोडून जात होते, आणि आम्ही परत येऊ हे शब्द मागे ठेवून जात होते.

ते शब्द त्यांनी विसरू दिले नाहीत. नौदलातील सेवा संपली, केस पांढरे झाले, जेसी ब्राऊन यांच्या नावाची ती नौकाही १९९४ साली सेवेतून बाहेर काढली गेली. जुलै २०१३ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, हडनर उत्तर कोरियात गेले. ज्या देशाशी त्यांच्या देशाचे संबंध नाहीत आणि ज्याच्या सैन्याशी ते लढले होते, त्या देशाच्या अधिकाऱ्यांसमोर बसून त्यांनी आपल्या मित्राच्या अस्थी शोधण्याची परवानगी मागितली. पावसाळा होता. पुराने डोंगराकडे जाणारे रस्ते बंद झाले होते. सप्टेंबरमध्ये, हवामान निवळल्यावर या, असे त्यांना सांगण्यात आले. ते माघारी आले. १३ नोव्हेंबर २०१७ रोजी, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी ते वारले, आणि पुढच्या एप्रिलमध्ये आर्लिंग्टनच्या दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. डेझी त्यांच्या आधी, २०१४ साली गेल्या होत्या. जेसी ब्राऊन तेव्हाही त्या डोंगरउतारावरच होते.